साधं टाकू की प्रीमियम?

‘‘प्रीमियम टाकतो ना मॅडम? पिकअप भारी मिळतो.’’

मागे सात-आठ गाड्यांची रांग, त्यातला एक जण उगाच हॉर्न वाजवतोय, पावणेदहाचं लेक्चर चुकणार हे नक्की झालेलं. अशा वेळी माणूस विचार करत नाही, मान हलवतो. मीही हलवली. ‘‘झिरो बघा,’’ असं म्हणून पंपावरच्या दादाने नोझल टाकीत घातलं आणि नेहमीच्या पैशांत नेहमीपेक्षा कमी पेट्रोल घेऊन मी कॉलेजला पोहोचले. खरं सांगायचं तर त्या दिवशी सिग्नलवरून सुटताना गाडी खरोखर हलकी वाटली. मग काय, पुढच्या वेळी मीच म्हणाले, ‘‘प्रीमियम टाका.’’ आणि त्याच्या पुढच्या वेळीही.

तीन टाक्या झाल्यावर हिशोब केला. माझी गाडी म्हणजे मावशीकडून आलेली २०१९ ची स्कूटर. (पुण्यात दोन चाकांनाही ‘गाडी’च म्हणतात, बाहेरून आलेल्यांनी समजून घ्यावं.) आठवड्याला साधारण पाच लिटर लागतं. मी जिथे भरते तिथे साध्या आणि प्रीमियम पेट्रोलमध्ये लिटरमागे सातेक रुपयांचा फरक आहे. म्हणजे महिन्याला १४० रुपये आणि वर्षाला १,६८०. तेवढ्यात मागचा टायर नवा येतो, आणि तो माझ्या गाडीला खरोखर हवाय.

ॲव्हरेजही काढलं. टाकी फुल्ल, किलोमीटर लिहून ठेवायचे, परत फुल्ल, भागाकार. एकदा एक किलोमीटर जास्त आलं, एकदा दीड कमी. पण जास्त आलं त्या आठवड्यात मी रविवारी मोकळ्या रस्त्याने सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत गेले होते आणि कमी आलं त्या आठवड्यात रूममेटला रोज डबल सीट सोडत होते. म्हणजे माझ्या प्रयोगातून काहीच सिद्ध होत नव्हतं. ‘हलकी वाटली’ ही गोष्ट गाडीत होती की माझ्या डोक्यात, हा प्रश्न तसाच राहिला. तेव्हा ठरवलं की आता हे एकदाचं नीट समजून घ्यायचं. तुम्हीही पंपावर अशीच मान हलवत असाल, तर हे वाचा.

आकडा आहे कशाचा?

पंपावर ९५, ९७, ९९, १०० असे आकडे दिसतात. आपण परीक्षेत वाढलेली माणसं. आकडा मोठा म्हणजे चांगला, हे आपल्या हाडात मुरलेलं असतं. ऑक्टेनचा आकडा मात्र मार्कांसारखा नाही. तो पेट्रोलची ताकद सांगत नाही आणि शुद्धताही सांगत नाही. दाब वाढला तरी हे पेट्रोल वेळेआधी पेट घ्यायचं किती टाळतं, एवढंच त्यातून कळतं. म्हणजे तो संयमाचा आकडा आहे.

इंजिनात काय होतं ते बघा. पेट्रोलची वाफ आणि हवा सिलिंडरमध्ये येते, पिस्टन वर येऊन तिला दाबतो आणि अगदी ठरलेल्या क्षणी प्लग ठिणगी टाकतो. दिवाळीतली लवंगी माळ एका टोकाला पेटवली की कशी क्रमाने तडतडत जाते, तशी ही आग ठिणगीपासून पसरत जाते आणि पिस्टनला खाली ढकलते. आता समजा, माळ टोकाला पेटवली आणि तिचं दुसरं टोक नुसत्या उष्णतेनेच आपोआप फुटलं. सिलिंडरमध्ये असं झालं की दोन दाब एकमेकांवर आदळतात आणि इंजिनातून बारीक ‘टकटक’ ऐकू येते, पत्र्याच्या डबीत खडे हलवल्यासारखी. यालाच नॉकिंग म्हणतात. चुकून एखाद्या वेळी झालं तर फार बिघडत नाही. रोज होत राहिलं तर पिस्टनची वाट लागते.

इंजिन जितकं जास्त दाबतं तितकं जास्त संयमी पेट्रोल त्याला लागतं. कमी दाबणाऱ्या इंजिनात ९१ ऑक्टेनचं पेट्रोलही वेळेआधी पेटत नाही आणि १०० चंही नाही. मग १०० साठी दिलेले जादा पैसे कशाचे? एका लिटरमधून मिळणारी ऊर्जा ऑक्टेनमुळे वाढत नाही. नॉकिंग होतच नसेल, तर ते थांबवण्याचं औषध घेऊन फायदा काय!

आता हा आकडा येतो कुठून, तेही मजेशीर आहे. १९२६ च्या सुमारास ग्रॅहम एडगर नावाच्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने दोन शुद्ध द्रव निवडले. आयसोऑक्टेन जवळजवळ नॉकिंग करतच नाही, त्याला १०० मार्क. नॉर्मल हेप्टेन खूप जास्त करतं, त्याला शून्य. तुमचं पेट्रोल ९१ आहे म्हणजे ते ९१ टक्के आयसोऑक्टेन आणि ९ टक्के हेप्टेनच्या मिश्रणासारखं वागतं. त्यात तेवढं आयसोऑक्टेन असतंच असं नाही. चालू असतानाच ज्याचा दाब कमी-जास्त करता येतो अशा एका खास एक सिलिंडरच्या इंजिनात ही तुलना करतात. आणि १०० ही वरची हद्द नाही. इथेनॉलचा आकडा १०८ च्या घरात जातो. या इथेनॉलकडे आपल्याला परत यायचंच आहे.

इथेच रील्स बघणाऱ्यांसाठी एक सूचना. अमेरिकन यूट्यूबर जेव्हा ‘रेग्युलर ८७’ म्हणतो, तेव्हा त्यांचं पेट्रोल आपल्यापेक्षा हलकं असतं असं समजू नका. आपल्याकडे जो आकडा लिहितात त्याला रॉन म्हणतात. अमेरिकेत रॉन आणि मॉन अशा दोन चाचण्यांची सरासरी लिहितात आणि मॉनची चाचणी जास्त कडक असते. त्यांचं ८७ म्हणजे साधारण आपलं ९१, आणि त्यांचं ९३ म्हणजे आपलं ९८ च्या आसपास. हे माहीत नसल्यामुळे आमच्या कॅन्टीनमध्ये एकदा पाऊण तास भांडण झालंय.

मग कोणी काय टाकायचं?

गॅरेजवाल्या काकांना मी हा प्रश्न विचारला तेव्हा त्यांनी उत्तर द्यायच्या ऐवजी माझ्या स्कूटरची सीट वर केली आणि म्हणाले, ‘‘वाच.’’ चार वर्षं मी ती सीट उचलून डबा, रेनकोट, नोट्स आत कोंबतेय, पण आतलं स्टिकर कधी वाचलं नव्हतं. जे स्टिकरवर नसतं ते गाडीसोबत आलेल्या पुस्तकात असतं. ते पुस्तक बहुतेक घरांत आरसीच्या झेरॉक्सबरोबर एका प्लॅस्टिकच्या पिशवीत, देवघराखालच्या कपाटात झोपलेलं असतं. माझंही तिथेच होतं. पान उघडलं, ‘फ्युएल’ शोधलं: अनलेडेड, ९१ किंवा जास्त. एवढंच. तीन टाक्यांचा माझा खर्च त्या एका ओळीत संपला.

आपण चालवतो त्या बहुतेक गाड्यांचं उत्तर असंच असतं. साध्या ११०-१२५ सीसी स्कूटर, रोजच्या वापराच्या शंभर-दीडशे सीसीच्या बाइक, थंपर म्हणून मिरवणाऱ्या साडेतीनशे सीसीच्या बुलेटसारख्या गाड्या, या सगळ्यांचा कॉम्प्रेशन रेशो साधारण साडेनऊ ते दहाच्या आसपास असतो. म्हणजे इंजिन मिश्रणाला मूळ आकाराच्या साडेनऊव्या-दहाव्या हिश्शापर्यंत दाबतं. भारतात विकायची गाडी भारतात मिळणाऱ्या साध्या पेट्रोलवर चालेल अशीच कंपनी बनवते, नाहीतर तिची गाडी घेईल कोण?

‘‘पण माझ्या बाइकचा रेशो बारा आहे!’’ असं म्हणणारा एक जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. त्याला हे विचारा: नव्या स्विफ्टच्या २०२१ च्या ड्युअलजेट इंजिनाचा रेशोही १२ होता, ती चालवणारे सगळे काय १०० ऑक्टेन भरत होते? नाही. ठिणगीची वेळ, इंजिनाचं कूलिंग, सिलिंडरचा आकार अशा बऱ्याच गोष्टींनी नॉकिंग ताब्यात ठेवता येतं. उलट टर्बो इंजिनाचा कागदावरचा रेशो कमी दिसतो, पण टर्बो आधीच हवा दाबून आत ढकलत असतो, त्यामुळे आतला दाब जास्तच असतो. तेव्हा रेशोवरून आपण घरी बसून गणित मांडण्यात अर्थ नाही. ज्याने इंजिन बनवलं त्याने ते मांडून उत्तर झाकणावर लिहिलंय.

फक्त ते उत्तर वाचताना एक शब्द नीट बघा. माझ्या एका मैत्रिणीच्या घरी यावरून गेले दोन महिने शीतयुद्ध चालू होतं. त्यांनी सेकंडहँड टर्बो पेट्रोल हॅचबॅक घेतली. पेट्रोलच्या झाकणाच्या आत ९५ असं लिहिलेलं. बाबांचं म्हणणं, ‘साधंच टाकायचं, कंपन्या काहीही लिहितात.’ भावाचं म्हणणं, ‘९७ च्या खाली टाकलं तर इंजिन खलास.’ दोघांपैकी कोणीही पुस्तक उघडलं नव्हतं. तिने उघडलं. त्यात ९५ ची शिफारस होती आणि किमान ९१ चालेल, मात्र ताकद थोडी कमी मिळेल, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. ‘शिफारस’ आणि ‘किमान’ हे दोन वेगळे शब्द आहेत. किमानच्या खाली जायचं नाही, हा नियम. शिफारस पाळली तर इंजिन कंपनीने सांगितलेली पूर्ण ताकद देईल. आणि शिफारशीच्याही वर, म्हणजे भावाच्या ९७ वर, गेलात तर फायदा शून्याच्या जवळ.

हे कसं जमतं, तर आताच्या बऱ्याच गाड्यांमध्ये नॉक सेन्सर असतो. इंजिनाच्या अंगाला लावलेला एक छोटा कानच म्हणा. टकटक सुरू होतेय असं त्याला कळलं की कॉम्प्युटर ठिणगी किंचित उशिरा टाकतो. नॉकिंग थांबतं, पण थोडी ताकद जाते. चांगलं पेट्रोल मिळालं की तो ठिणगी परत लवकर टाकायला लागतो. म्हणून टर्बो किंवा परफॉर्मन्स गाडीवाल्याला ९५ टाकल्यावर फरक जाणवतो आणि तो खोटं बोलत नसतो. पण तो अनुभव ऐकून आपण स्कूटरमध्ये ९५ टाकलं तर तसं काही होत नाही. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत तर हे समजून घेणारं कोणी आत बसलेलंच नसतं.

अमेरिकेत ट्रिपल ए या वाहनचालकांच्या संघटनेने २०१६ मध्ये यावर अभ्यास केला होता. साध्या पेट्रोलवर चालणाऱ्या गाड्यांत प्रीमियम भरून अमेरिकन लोकांनी वर्षभरात २१० कोटी डॉलरहून जास्त पैसे वाया घालवले, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. तपासलेल्या गाड्यांत ताकद, ॲव्हरेज, धूर कशातच म्हणण्यासारखा फायदा दिसला नाही. मला हे वाचून जरा बरं वाटलं. निदान मी एकटी नव्हते.

प्रीमियमच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्यात बऱ्याचदा इंजिनाच्या आतली काजळी साफ ठेवणारी रसायनं घातलेली असतात. पण ती आणि ऑक्टेन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नावात ‘पॉवर’ किंवा ‘स्पीड’ असलं म्हणजे आकडा मोठा असेलच असं नसतं. म्हणून नाव नको, मशीनवरचा आकडा वाचा.

टकटक ऐकू आली तर?

नॉकिंग होतंय असं वाटलं की आपला पहिला संशय पेट्रोलवर जातो. काकांचा पहिला संशय चालवणाऱ्यावर असतो. कात्रजचा किंवा कसाऱ्याचा घाट, ट्रिपल सीट (हो, पकडले गेलात तर पावती तुमची), बाइक चौथ्या गिअरमध्ये, वेग तीस आणि मनगट पूर्ण पिळलेलं. अशा वेळी इंजिन गुरगुरत टकटक करणारच. तिथे उपाय म्हणजे एक गिअर खाली टाकणं, आणि त्याला पैसे लागत नाहीत. इंजिन तापलेलं असेल, आत काजळी साचली असेल, प्लग चुकीचा बसवला असेल, तरीही असा आवाज येतो. आधी हे बघायचं आणि मग पेट्रोलचा विचार करायचा. मात्र आवाज सपाट रस्त्यावर, योग्य गिअरमध्येही येत असेल तर गॅरेज गाठा. ९७ टाकून तो आवाज दाबणं म्हणजे ताप आलाय म्हणून थर्मामीटर बदलण्यासारखं आहे.

आणि लेह-लडाखचं स्वप्न बघणाऱ्यांनो, ‘वर गेल्यावर हाय ऑक्टेन लागतं’ हे उलटं आहे. उंचावर हवा विरळ, सिलिंडरमध्ये दाब कमी, त्यामुळे ऑक्टेनची गरजही कमी होते. अमेरिकेत रॉकी पर्वताच्या भागात म्हणूनच त्यांच्या मोजणीतलं ८५ चं पेट्रोल विकतात. वर गेल्यावर गाडी दमते ती हवा कमी पडल्यामुळे.

ज्याने टकटक थांबवली तो माणूस

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त खिळवून ठेवलं ते थॉमस मिजली या माणसाने. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत इंजिनं मोठी व्हायला लागली आणि नॉकिंगने कंपन्या हैराण झाल्या. जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत मिजली आणि त्याचे सहकारी हाताला लागेल ते पेट्रोलमध्ये मिसळून बघत होते. ९ डिसेंबर १९२१ ला त्यांनी टेट्राइथाइल लेड, म्हणजे शिशाचं एक संयुग, घातलं आणि टकटक बंद झाली. अगदी थोडंसं पुरत होतं आणि ते स्वस्तही होतं.

शिसं विषारी आहे हे तेव्हाही सगळ्यांना माहीत होतं. १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या एका रिफायनरीत हे रसायन बनवणारे पाच कामगार दगावले. त्यानंतर मिजलीने पत्रकारांना बोलावून सगळ्यांसमोर ते द्रव हातावर चोळलं, त्याची वाफ हुंगून दाखवली आणि काही होत नाही असं सांगितलं. तो स्वतः त्याआधी शिशाच्या विषबाधेमुळे सुट्टीवर जाऊन आला होता! पत्रकारितेची विद्यार्थिनी म्हणून मला त्या खोलीतल्या पत्रकारांचं फार कुतूहल वाटतं. समोरचा माणूस हात धुऊन दाखवतोय, तेव्हा ‘तुम्ही मागच्या वर्षी आजारी का होतात?’ हे विचारायला मला सुचलं असतं का? माहीत नाही.

पुढची अनेक दशकं जगभरातल्या गाड्यांच्या धुरातून शिसं बाहेर पडत राहिलं आणि लहान मुलांच्या रक्तात जात राहिलं. भारतात सगळीकडे अनलेडेड पेट्रोल आलं ते २००० साली, म्हणजे तुमच्या-माझ्या जन्माच्या थोडंच आधी. पुस्तकातल्या त्या ओळीत ‘अनलेडेड’ हा शब्द का असतो, ते आता कळलं. जगात शेवटचा देश, अल्जीरिया, २०२१ मध्ये थांबला.

आणि गंमत अशी की नॉकिंगवर उपाय म्हणून मिजलीच्या गटाने अल्कोहोलही तपासलं होतं. ते काम करत होतं. पण ते कोणीही बनवू शकत होतं, त्याचं पेटंट कोणाच्या हाती लागणार नव्हतं आणि ते जास्त प्रमाणात घालावं लागत होतं. ते मागे पडलं. शंभर वर्षांनी तेच अल्कोहोल आपल्या टाकीत आलंय. त्याचं नाव इथेनॉल.

ई-२० ने हिशोबच बदलला

६ फेब्रुवारी २०२३ ला देशात ई-२० पेट्रोलची सुरुवात झाली. म्हणजे २० टक्के इथेनॉल आणि ८० टक्के पेट्रोल. आता पंपावर ‘साधं’ म्हणून मिळतं ते बहुतेक ठिकाणी हेच. इथेनॉल प्रामुख्याने ऊस आणि धान्यापासून बनतं, त्यामुळे कोल्हापूर-सांगलीकडच्या मित्राने ‘तुमच्या स्कूटरमध्ये आमचा ऊस जळतोय’ असं म्हटलं तर त्याला हसू नका.

वर सांगितलं तसं इथेनॉलचं ऑक्टेन चढं असतं. त्यामुळे साध्या पेट्रोलचा आकडाही वर गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयाने जो खुलासा केला, त्यानुसार आधी ८८, मग ९१ असलेलं साधं पेट्रोल ई-२० मुळे ९५ रॉनवर आलंय. आता परत पंपावर उभे राहा. साधंच जर ९५ असेल, तर ९५ लिहिलेल्या प्रीमियमसाठी जास्तीचे सात रुपये कशाला? त्यातल्या साफसफाईच्या रसायनांसाठी द्यायचे असतील तर खुशाल द्या, ऑक्टेनसाठी देऊ नका. मैत्रिणीच्या घरचं शीतयुद्धही इथेच संपायला हवं होतं. संपलं नाही, कारण बाबा आता ‘मी म्हणालोच होतो’ म्हणतायत.

पण बाबांनीही लगेच जिंकलो म्हणू नये. इथेनॉलची दुसरी बाजू अशी, की एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. म्हणजे बघा, ऑक्टेन वाढलं आणि ऊर्जा घटली. आकडा म्हणजे ताकद नव्हे, याचा यापेक्षा चांगला पुरावा मला सापडला नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात ई-२० मुळे ॲव्हरेज किती घटेल याचे अंदाज आहेत. बिनइथेनॉलसाठी बनवून ई-१० साठी ट्यून केलेल्या चारचाकीत ६ ते ७ टक्के, तशाच दुचाकीत ३ ते ४ टक्के, आणि ई-१० साठी बनवून ई-२० साठी ट्यून केलेल्या चारचाकीत १ ते २ टक्के. हा अहवाल ज्या चाचण्यांवर उभा आहे त्यात पुण्याच्या एआरएआयचाही वाटा होता. हो, ज्यांच्या टेकडीवर आपण पहाटे सूर्योदयाचे फोटो काढायला जातो तेच एआरएआय.

शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि जुन्या पद्धतीच्या रबराशी त्याचं फारसं जमत नाही. एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्यांचे पाइप-गॅस्केट ई-२० सहन करतील असे असतात. त्याआधीच्या काही गाड्यांत वीस-तीस हजार किलोमीटरनंतर रबराचे काही भाग बदलावे लागू शकतात, हे मंत्रालयानेच त्या खुलाशात मान्य केलंय, आणि तो खर्च फार नाही असंही म्हटलंय. फार नाही म्हणजे किती, ते घरून महिन्याचे ठरलेले पैसे येणाऱ्याला विचारावं. आपल्यातले बरेच जण दादाची, मावशीची, नाहीतर जाहिरातीवरून घेतलेली सात-आठ वर्षं जुनी गाडी चालवतात. हा प्रश्न ९५ की ९७ यापेक्षा आपल्याला जास्त लागू आहे, आणि त्यावर कॉलेजच्या कट्ट्यावर कोणी फारसं बोलत नाही.

प्रीमियम टाकलं की इथेनॉल टळतं, असं समजणारे बरेच भेटले. तसं गृहीत धरू नका. प्रीमियमच्या मशीनवरही इथेनॉलचं लेबल असू शकतं, ते बघा. इथेनॉल नको म्हणून काही बाइकवाले १०० ऑक्टेनकडे वळतात. इंडियन ऑइलने १ डिसेंबर २०२० ला १०० ऑक्टेनचं पेट्रोल आणलं तेव्हा दिल्लीत त्याचा दर लिटरला १६० रुपये होता. ज्याच्याकडे दहा लाखांची बाइक आहे त्याने जरूर भरावं. जुन्या स्कूटरसाठी त्यापेक्षा दर सर्व्हिसिंगला पेट्रोलचा पाइप बघून घ्यायला सांगणं स्वस्त पडतं. तो कडक झालाय का, भेगा पडल्यात का, पेट्रोलचा वास येतोय का, एवढंच बघायचं. आणि परीक्षा किंवा सुट्टीमुळे गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल, विशेषतः पावसाळ्यात, तर अधूनमधून ती चालवून आणायला घरच्यांना सांगा. मी मे महिन्यात हे केलं नव्हतं. जूनमध्ये गाडी सुरू व्हायला अर्धी सकाळ, काकांचा मुलगा आणि माझे तीनशे रुपये लागले.

म्हणजे आता झाकणावर किंवा पुस्तकात दोन गोष्टी बघायच्या: ऑक्टेन किमान किती आणि इथेनॉल कितीपर्यंत, म्हणजे ई-१० की ई-२०. नवी गाडी असेल तर दोन्हींचं उत्तर साध्या पेट्रोलवर येऊन थांबायची शक्यता जास्त. टर्बो किंवा मोठी परदेशी बाइक असेल आणि पुस्तकात ९५ च्या वरचा आकडा किमान म्हणून छापला असेल, तर मात्र कंजुषी करू नका. तिथे जादा पैसे खरंच कामाचे आहेत. आणि एखाद्या वेळी गावाकडच्या पंपावर हवं ते मिळालंच नाही, तर जे मिळतंय ते थोडं भरा, गाडी जरा शांतपणे चालवा आणि पुढच्या पंपावर नीट भरा. इंजिन एका टाकीने मरत नाही.

परवा परत त्याच पंपावर गेले. तोच दादा. ‘‘प्रीमियम?’’ मी म्हटलं, ‘‘साधं.’’ त्याने खांदे उडवले, झिरो दाखवला. पैसे देऊन झाल्यावर मी गाडी कोपऱ्यातल्या हवेच्या मशीनकडे नेली. तिथला मुलगा म्हणाला, ‘‘किती टाकू?’’ मी सीट उचलली आणि स्टिकर वाचायला वाकले. मागच्या चाकात जेवढी हवी त्याच्या निम्मीही हवा नव्हती.